उसनं हाड

रविवार, ५ जानेवारी

पोचले एकदाची! गाडी तासभर उशिरा आली, पण नामपल्लीला उतरले तेव्हा ऊन अजून कोवळंच होतं. स्टेशनबाहेर उभ्याउभ्या चहा घेतला आणि उस्मानिया बिस्कीट बुडवून खाल्लं, उजव्या बाजूनं. डावीकडे खालचे तीन दात नाहीत. पाच वर्षांपूर्वी पुण्यात स्कूटरवरून पडले तेव्हा ते गेले, आणि त्यांच्या मागोमाग रेडिओवरची नोकरीही गेली. काढघालीचे दात बोलताना हलायचे आणि प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायची. निवेदिकेच्या तोंडची शिट्टी कोण ऐकून घेणार?

पण आता गाव नवं, नोकरी नवी, आणि दातसुद्धा नवे बसवायचेत.

खोली चिक्कडपल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली घरमालक राहतात, उमाजी आणि सावित्रीबाई. दोघंही सत्तरीचे. त्यांचे वाडवडील निजामाच्या काळात बिदरकडची शेती सोडून इथं आले. उमाजींचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान आहे. बोलतात मराठीच, पण काय गोड मराठी! सावित्रीबाईंनी मला जिन्यातच गाठलं. "पोरी, नक्को म्हणू नको, आधी जेवून घे. दाळीत इमली जरा जास्त झाली, चलतं ना तुला?" माझं नाव मृण्मयी, ते काही त्यांच्या जिभेवर बसेना. शेवटी म्हणाल्या, "मी मिनूच म्हणते, हौ?" हौ, म्हटलं.

मंगळवार, ७ जानेवारी

ऑफिसचा पहिला दिवस. गाडी चालवणाऱ्याला रस्ता सांगणारा मराठी आवाज तयार करायचाय आणि तो आवाज माझा असणार आहे. 'पुढच्या चौकात डावीकडे वळा.' 'तुम्ही पोचला आहात.' अशी हजारो वाक्यं. दात बसेपर्यंत वाक्यं तपासायची, सत्तावीस तारखेपासून ध्वनिमुद्रण. आवाज पसंत पडला तर नोकरी कायम.

ध्वनिमुद्रण गौतम बघतो. वय अठ्ठावीस. घर इथल्याच जुन्या मराठी वस्तीतलं. एका वाक्यात मराठी, हिंदी आणि तेलुगू तिन्ही आणतो आणि काल झालेलं असो की दोन वर्षांपूर्वीचं, सगळ्याला 'परसों' म्हणतो. मला तेलुगूचा एक शब्द येत नाही म्हटल्यावर त्यानं चार शब्द शिकवले. दुपारपर्यंत तीन विसरले.

शुक्रवार, १० जानेवारी

दाताच्या डॉक्टर भाग्यलक्ष्मी मला फार आवडल्या. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. माझा एक्स-रे दाखवून म्हणाल्या, पाच वर्षं दात नसल्यामुळे तिथलं हाड झिजून पातळ झालंय, नवा दात ज्यावर बसवायचा तो स्क्रू धरणार नाही. म्हणून बाहेरचं हाड घालायचं. बाहेरचं म्हणजे? तर म्हणे हाडांची पेढी असते. मृत्यूनंतर देहदान केलेल्यांचं हाड धुऊन, वाळवून, निर्जंतुक करून त्याचे कण बाटलीत भरतात. जिवंत असं त्यात काही उरत नाही. तो नुसता सांगाडा. त्याच्या आधारानं तुमचं हाड वाढतं आणि हळूहळू ते हाड तुमचंच होऊन जातं.

मी विचारलं, कुणाचं असतं ते? त्या म्हणाल्या, बाटलीवर फक्त आकडा असतो, नाव कुणालाच कळत नाही.

सही केली. रोज काय वाटतं ते लिहून ठेवा, असंही सांगितलंय त्यांनी. मी तशीही लिहितेच.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सावित्रीबाईंचा तिळगूळ इतका कडक की त्यांनीच तो बत्त्यानं फोडून दिला. रविवारी त्या मला नामपल्लीला दर जानेवारीत भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनाला घेऊन गेल्या होत्या. दोघींनी एकसारख्या बांगड्या घेतल्या आणि पाळण्यात बसायची दोघींनाही भीती वाटली, म्हणून खाली उभ्या राहून मिरची भजी खाल्ली. मला मुलगी असती तर तुझ्याएवढी असती, असं त्या बोलून गेल्या.

परवा शस्त्रक्रिया.

शुक्रवार, १७ जानेवारी

काल झालं सगळं. दुखलं नाही, फक्त ऐकू येत होतं. हाडात भोक पाडताना आवाज कानातून येत नाही, डोक्याच्या आतूनच येतो. मग डॉक्टरांनी बाटलीतले कण चमच्यानं घातले. खडीसाखरेसारखे पांढरे होते. तीन स्क्रू, टाके, आणि वर तीन तात्पुरते दात, कारण माझं पोट बोलण्यावर चालतं. हे दात बोलण्यापुरते, अजून चावायचं नाही, असं त्यांनी चारदा बजावलं.

आज गाल लिंबाएवढा सुजलाय. बर्फानं शेकते आहे. खालचा डावा ओठ आणि अर्धी हनुवटी बधिर. सावित्रीबाई नाचणीचा जावा, म्हणजे पातळ आंबील, करून आणतात आणि मी तो गार करून चमच्यानं पिते. अर्धा ओठावरून ओघळतो, मला कळतही नाही. त्याच पुसतात.

सोमवार, २० जानेवारी

सूज उतरली, गालावर पिवळट डाग उरलाय. बधिरपणा तसाच आहे. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, शीर दबली असेल, येईल ताळ्यावर.

लिहून ठेवायचं म्हणून लिहिते: बधिर बाजूला चव येते. तोंडात काही नसताना. आधी वाटलं, औषधाची असेल. पण ही चव रबराची आहे, दवाखान्यातल्या नळीसारखी. आणि घसा इतका कोरडा पडतो की मी तांबेच्या तांबे रिकामे करते.

शुक्रवार, २४ जानेवारी

टाके काढले. डॉक्टर तात्पुरत्या दातांकडे बघत राहिल्या आणि मग विचारलं, काय चावताय तुम्ही? दातांच्या कडा झिजल्या होत्या, एका जागी टवका उडाला होता. मी शपथेवर सांगितलं, जावा आणि दहीभाताखेरीज काही नाही. विश्वास बसला नसावा. झोपेत दात खात असाल म्हणाल्या. हिरडीच्या कडेतून त्यांनी चिमट्यानं काहीतरी काढून ताटलीत ठेवलं. तांदळाचा दाणा होता. कच्चा.

सोमवार, २७ जानेवारी

आज पहिलं ध्वनिमुद्रण! 'स' स्वच्छ, शिट्टी नाही. पाच वर्षांनी मायक्रोफोनसमोर बसले आणि माझाच आवाज कानात आला, तेव्हा डोळे भरून आले. गौतमनं काचेपलीकडून अंगठा दाखवला. साठ वाक्यं झाली.

संध्याकाळी निघताना त्यानं सहज विचारलं, "मॅडम, तेलुगू येतं तुम्हाला, मग मला नाही कामून म्हणाला?" मी म्हटलं, खरंच येत नाही. तो हसला. वाक्याच्या शेवटी जे पुटपुटता, ते काढून टाकायला वेळ लागतो, तेवढं करू नका, म्हणाला.

मी काहीच पुटपुटत नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

आज त्यानं ऐकवलं. माझं वाक्य संपतं, 'पुढच्या चौकात डावीकडे वळा', मग श्वास, आणि त्या श्वासावरच बारीक आवाजात: "ना नोरु नाकु इय्यि." आवाज माझाच. पण बोलण्याची ढब माझी नाही, जुन्या बाईसारखी आहे. साठच्या साठ वाक्यांमागे तेच.

गौतमचा चेहरा उतरला होता. त्याची आजी गावाकडं असंच बोलायची म्हणाला. अर्थ विचारला, तर हळूच म्हणाला:

"माझं तोंड मला दे."

गुरुवार, ३० जानेवारी

कालपासून ताप म्हणून घरीच आहे. दुपारी जेवणानंतर पडले होते. जाग आली ती खाली, सावित्रीबाईंच्या कोठीच्या खोलीत. मी तांदळाच्या डब्यासमोर बसलेली, दोन्ही मुठी भरलेल्या, ओठ फाटलेला.

सावित्रीबाई दारात उभ्या होत्या. मी जिना उतरून आले, तेलुगूत म्हणाले, भूक लागली, भात वाढ, आणि त्यांची वाट न बघता डबा उघडला, असं त्यांनी सांगितलं. मागच्या आठवड्यातही आले होते म्हणे. तेव्हा त्यांना वाटलं, औषधाची गुंगी असेल, पोरीला लाज वाटेल म्हणून बोलल्या नाहीत.

"मिनू, ती तू नव्हती," एवढंच म्हणाल्या आणि मीठपाण्यानं माझं तोंड धुऊ लागल्या. पाण्यातून रक्त येत होतं. मला काहीच लागत नव्हतं. बधिरपणा आता हनुवटी ओलांडून उजवीकडे गेलाय.

शुक्रवार, ३१ जानेवारी

डॉक्टरांकडे जाऊन आले. सावित्रीबाई बरोबर होत्या. नवा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो लावला, काढला, परत लावला. हाड धरायला चार महिने लागायला हवेत. माझं पंधरा दिवसांत धरलंय, आणि थांबलेलं नाही. स्क्रूंपासून पांढरी फांदी फुटावी तसं ते जबडाभर पसरलंय, हनुवटीच्या पुढं, उजव्या कानाच्या दिशेनं.

मी म्हटलं, काढून टाका. त्या माझा हात धरून म्हणाल्या, आता नुसते स्क्रू निघणार नाहीत, जबडाच कापावा लागेल, ते माझ्या दवाखान्यात होणार नाही. मोठ्या रुग्णालयातले जबड्याचे सर्जन, डॉक्टर विक्रम, यांच्याकडे सोमवारी सकाळची वेळ घेऊन दिली. असं मी कधी पाहिलं नाही, असंही म्हणाल्या. डॉक्टरनं हे म्हणू नये.

संदेशला, माझ्या भावाला, पुण्याला फोन लावला. तो हॅलो, ताई, बोल ना, करत राहिला. माझ्या तोंडानं त्याच्याकडे भात मागितला. फोन बंद केला.

शनिवार, १ फेब्रुवारी

आज मला मराठी बोलता येत नाही. जीभही बधिर आहे. शब्द मनात तयार असतात, तोंड दुसरंच काही बोलतं. जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून देते.

गौतम घरी आला. घाबरलेला होता, तरी आला. माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि तेलुगूत विचारू लागला, सावित्रीबाई मला मराठीत सांगत गेल्या. तू कोण? तिला नाव आठवत नाही. कुठली? ते पण नाही. मग काय आठवतं?

ते मात्र तिनं सांगितलं, थांबत थांबत, माझ्या तोंडानं. पलंग आठवतो. नाकात नळी. चाळीस दिवस तोंडात एक घास नाही. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं, घसा चालत नव्हता. ती पाणी मागायची, तर मुलगा कापूस ओला करून ओठांवर फिरवायचा. शेवटी तिला बोलता आलं नाही आणि मुलानं विचारलं, आई, तुझं शरीर दान देऊ का? आवाजच नव्हता. नाही म्हणायचं होतं. मुलगा म्हणाला, आईनं मान हलवली.

सावित्रीबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या. मीही रडले. रडणं माझं होतं, डोळे अजून माझे आहेत.

सावित्रीबाई म्हणाल्या, भुकेनं गेली बिचारी. पोटभर जेवू घालते, शांत होईल, जाईल. मी मान हलवली. मलाही तसंच वाटलं. किती वाईट वाटलं मला तिचं.

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी अकरा. त्यांनी भात केला, चिंचेचं चारू म्हणजे सार, वांगी, पापड. हातानं भरवलं. ती खात गेली. न चावताच गिळत होती. पातेलं संपलं. दुसरं लावलं, तेही संपलं. माझं पोट फुगून दुखत होतं, मी हातांनी खुणा करत होते, बस, बस. सावित्रीबाई म्हणाल्या, हा एक घास शेवटचा, आणि हात पुढे केला.

दात मिटले.

सोडलं नाही. मी माझ्या दोन्ही हातांनी माझाच जबडा उघडायला बघत होते, बोटं घालून, आणि तो उघडत नव्हता. उमाजी धावत आले. अंगठ्याजवळचं मांस —

गिळलं. मला गिळताना कळलं.

दुपारी तीन. त्यांच्या हाताला नऊ टाके. उमाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, उद्या डॉक्टरकडे सोडतो, मग पुण्याला जा, पोरी, हात जोडतो. सावित्रीबाई त्यांच्यावर ओरडल्या. कुठं जाईल ती, म्हणाल्या, चावली ती मिनू नाही. मी त्यांच्या पायाशी बसून होते. त्यांनी चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी तोंडावर उशी बांधून घेतली होती.

संध्याकाळ. ती गप्प आहे. भात मागत नाही. पाणी नाही.

ओठ हलताहेत. उशी काढून आरशात बघितलं. आवाज न करता हलताहेत. कान लावून —

मराठी आहे.

पाणी. बस. हौ. पोरी. मिनू. पुढच्या चौकात डावीकडे वळा. पुढच्या चौकात डावीकडे वळा. तुम्ही पोचला आहात.

शिकतेय.

सोमवार, ३ फेब्रुवारी, सकाळ

रुग्णालयात. बाकावर बसून लिहिते. सावित्रीबाई शेजारी. आल्याच, ऐकलं नाही. उमाजी अर्ज भरायला गेलेत. आत बोलावलं की डॉक्टरांना दाखवायचं पान तयार ठेवलंय, मोठ्या अक्षरात: माझं तोंड जे बोलेल ते मी नव्हे. कापा. जबडा गेला तरी चालेल.

आवाज गेला तरी. आता तेवढंच मागते.

बोलावलं —

आत आहे. डॉक्टर विक्रम लातूरकडचे, मराठी बोलतात. कागद पुढे केला. न वाचताच बाजूला ठेवला, आधी सांगा, काय त्रास, म्हणाले —

तिनं सांगितलं. मराठीत. माझ्या आवाजात, रेडिओवरच्या. "आता काहीच त्रास नाही डॉक्टर. रात्रीपासून खूप बरं वाटतंय. कापाकापी नको."

एकही शब्द चुकला नाही. 'स' स्वच्छ.

सावित्रीबाई — त्या रडताहेत. आनंदानं. माझी मिनू आली परत, मराठी बोलली, डॉक्टरसाहेब, दोन दिवस मराठी नव्हती बोलत. मला मिठी मारली. मी मान हलवते आहे, नाही नाही, जोरानं. ती म्हणते, "मान दुखतेय जरा, आखडलीय."

डॉक्टर म्हणतात, एक्स-रे वाईट आहे, पण दुखत नसेल, पेशंटची इच्छा नसेल, तर महिनाभर थांबू. फॉर्म फाड —

वही उघडून समोर धरली. सावित्रीबाईंच्या डोळ्यांत पाणी, त्यांना अक्षर दिसत नाही. डॉक्टर बघणार, तेवढ्यात ती हसली. "सवय आहे हो मला. काहीबाही लिहीत असते." तेही हसले.

सावित्रीबाई, हे वाचा. ही मी नाही. मी इथं हातात आहे. मी हो म्हणते आहे कापायला. हो. हो. तोंडाचं ऐकू न —

त्या म्हणताहेत, पुरे आता, आराम कर बेटा, घरी जाऊ, भात लावते. बांधलेल्या हातानं पेन धरलंय माझं. हळूच ओढताहेत, प्रेमानं. घट्ट धरलं तर त्यांचे टाके —

सोडणार नाही. सावित्रीबाई, खाली बघा, एकदाच बघा कागदाक